सटवाजी मेकॅनिक आणि वापरलेला कार्बन

हिंगोलीतल्या टाइपरायटरांना उन्हाळ्यात हळदीची सर्दी होते, हे सटवाजी मेकॅनिक इतक्या ठामपणे सांगायचा की समोर डॉक्टर बसला असता तरी त्यानं मान डोलावली असती. आणि खोटं नव्हतं हो ते! मार्च-एप्रिलात मोंढ्याच्या बाजारात हळद उतरली की पिवळी धूळ उडायची, वाऱ्यावर कचेऱ्यांत शिरायची आणि यंत्राच्या दांड्यांमध्ये जाऊन बसायची. मग कळ दाबली की दांडी अर्ध्यातच अडायची, ना वर ना खाली. कारकून म्हणायचा, यंत्र म्हातारं झालं. सटवाजी म्हणायचा, "यंत्र म्हातारं न्हाई झालं, तुमी आळशी झाले. घरी जाताना खोळ कुणी घालायची, तुमच्या सासऱ्यानं?"

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. कचेऱ्या, वकील, अडत दुकानं, शाळा असे सगळे मिळून गावात तीसेक टाइपरायटर असतील, आणि ते उघडणारा माणूस एकच. सटवाजी मूळचा जवळच्या हट्टा गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. निजामाच्या राज्यात सोळाव्या वर्षी घरी भांडून हैदराबादला पळाला आणि एका उस्तादाच्या दुकानात उर्दू यंत्रं पुसता पुसता कारागीर झाला. पुढं राज्य गेलं, यंत्रांवरची लिपी बदलली, पण सटवाजीचा पेचकस तोच राहिला. शाळा त्याची चौथीपर्यंतच झालेली. पण यंत्राची खोळ काढून दोन ओळी टाइप केल्या की तो सांगायचा, "ह्या यंत्रावर दोन माणसं बसून राहिली. एकाचा हात जड हाय." आणि ते खरंच निघायचं.

त्याचा सल्ला फुकट असायचा, आणि न मागता मिळायचा. रोलरवर चहाचा पेला ठेवायचा नाही. रबरानं खोडताना भुगा यंत्रात पाडायचा नाही. तेल घालायचं ते शिलाई मशीनचं, तेही सुईच्या टोकाएवढं. एकदा एका कचेरीतल्या हेडक्लार्कनं यंत्र नीट चालेना म्हणून घरचं गोडेतेल ओतलं, चांगलं वाटीभर. आठ दिवसांत आत धूळ, माशा आणि मुंग्या यांची जत्रा भरली. सटवाजीनं खोळ काढली, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, हे यंत्र हाय का भज्याची कढई?" तो हेडक्लार्क नंतर वर्षभर त्याला बघितलं की फायलीत डोकं खुपसायचा.

पण सटवाजीचा खरा आवडता विषय वेगळाच होता. यंत्र जपायचं तसं यंत्रातलं गुपितही जपायचं, असं त्याचं म्हणणं. "एक यंत्र, एक हात. न्हाणीघर न्हाई ते, कुणीबी यावं अन् आंग धुऊन जावं." हे ऐकून लोक हसले की तो त्याचा हुकमी खेळ करायचा. कचऱ्याच्या टोपलीत हात घालायचा, एखादा वापरलेला कार्बन पेपर काढायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा आणि मोठ्यानं वाचायला लागायचा. नवा कार्बन एकदाच वापरलेला असला की त्यावर अक्षर न् अक्षर उमटलेलं असतं. एका वकिलांच्या अशिलाची भर बैठकीत वाचायला नको अशी नोटीस त्यानं अशीच चार लोकांत वाचली होती. वकिलांचा चेहरा पांढराफटक पडला.

तेव्हापासून गावात नियम झाला. कार्बन दहा वेळा वापरा, म्हणजे अक्षरावर अक्षर बसून वाचता येत नाही. गुपित कागदाचा असला तर दुसऱ्या कामाला न लावता लगेच काढायचा, आणि कुठलाही कार्बन टोपलीत न टाकता सटवाजीला द्यायचा. लोक विश्वासानं द्यायचे. तो ते कागदात गुंडाळून घरी न्यायचा.

घरी त्याची बायको मिराबाई होती. तिच्या हाताची भरतकामातली कमळं आणि मोर अख्ख्या गल्लीत नावाजलेले. लग्न ठरलेल्या पोरीचे उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, सगळं तिच्याकडे यायचं. कापडावर नक्षी उतरवायला पूर्वी ती कागदाला सुईनं भोकं पाडून त्यावरून रॉकेलात कालवलेली नीळ फिरवायची. त्यात हात निळे व्हायचे आणि दोन दिवस घरात रॉकेलचा वास. कार्बन आल्यापासून काम सोपं झालं. कापड, त्यावर कार्बन, वर चित्राचा कागद, आणि पेन्सिल फिरवली की झालं.

उत्तमराव सरांनी एकदा विचारलं होतं, "सटवाजी, घरी नेलेले कार्बन सुरक्षित असतात ना?" सटवाजी खो खो हसला होता. "सर, आमच्या घरात वाचणारं कोण हाय? बायकोला अक्षर वळखू येत न्हाई, अन् म्हशीला त्याहून न्हाई."

हे उत्तमराव सर एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक. तालुक्यात चार हायस्कुलं चालवणारी एक खासगी संस्था होती, त्यातलं ते थोरलं. संस्थेचे अध्यक्ष पुनमचंदशेठ, हळदीचे अडते, मनानं वाईट नव्हे पण कानाचे हलके. आणि संस्थेच्या कचेरीत टाइपरायटरवर बसायची शालूबाई.

शालूबाई बौद्ध वस्तीतली, बावीस वर्षांची. बाप रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकणारा. मॅट्रिक होऊन टायपिंगच्या क्लासला गेली तेव्हा क्लासमध्ये ती एकटीच पोरगी होती. त्या क्लासची यंत्रंही सटवाजीच दुरुस्त करायचा. एक दिवस तिच्या बोटांचा आवाज ऐकून तो उभाच राहिला. एकसारखा, न अडखळता, नुसता तबल्यावानी. त्यानं थेट पुनमचंदशेठचं दुकान गाठलं. "शेठ, तुमच्या यंत्राला आता जड हाताचे बापे बसवू नका. ही पोरगी बसवा. यंत्र दहा वर्षं जास्ती जगंल." शेठला यंत्र जगण्यात रस होता, त्यांनी ती ठेवली. काही मेंबरांनी नाकं मुरडली. आडनाव ऐकूनच मुरडली होती, पण तसं बोलायची सोय नव्हती, म्हणून म्हणाले, बाईमाणसाला गुपित राहत नाही.

एप्रिलात नववीच्या वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी एका पालकानं वहीचा एक कागद उत्तमराव सरांच्या हातात आणून दिला. भूगोलाचा पेपर! हातानं, सुंदर अक्षरात उतरवलेला. पोरींत दोन दिवसांपासून फिरत होता म्हणे. झालं! परीक्षा पुढं ढकलली, गावात बोंब उठली आणि पेपर टाइप करणारी शालूबाई म्हणून बोट तिच्याकडे गेलं. नाकं मुरडलेल्या मेंबरांना तर घबाडच मिळालं. "आमी आधीच सांगितलं व्हतं," असं म्हणायची संधी माणसाला फार वेळा येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक ठरली. तिला काढून टाकायचं आणि पुन्हा कुठल्याच शाळेत, कचेरीत उभं करायचं नाही, हे जवळपास पक्कं होतं. यंत्राला कुणी दुसऱ्यानं हात लावला होता का, एवढं बघायला म्हणून सटवाजीला बोलावणं गेलं.

सटवाजी धुतलेलं धोतर नेसून, टोपी ठाकठीक करून गेला. कचेरीच्या व्हरांड्यात शालूबाई उभी होती. बाकडं मोकळं होतं, पण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मामा, मी कुणालाच दाखवला न्हाई," ती म्हणाली. आवाज ताठ होता, पण डोळे रात्रभर रडलेले दिसत होते. "बा म्हणून राहिला, आता गाव सोडावं लागंल."

"गाव काहून सोडायचं? काय चोरी केली का तू? अर्ध्या तासात चोर धरून न्हाई दिला तर नाव सांगणार न्हाई." असं म्हणून गडी आत शिरला.

आत पुनमचंदशेठ, उत्तमराव सर आणि चार मेंबर बसले होते. सटवाजीनं आधी यंत्र पाहिलं. कुलूप नीट, खोळ नीट, रोलर आरशासारखा. "ह्या यंत्रावर दुसरा हात पडला न्हाई. आता तो फिरलेला कागद दाखवा. अन् खरा पेपर बी दाखवा."

दोन्ही कागद शेजारी ठेवून तो बोटानं ओळ न् ओळ ताडत गेला. चौथ्या प्रश्नावर बोट थांबलं. फिरलेल्या कागदावर होतं, कयाधू नदीच्या खोऱ्यातील पिकांची माहिती लिहा. खऱ्या पेपरात तिथं गोदावरी होती.

"सर, हे कसं काय?"

उत्तमराव सर वाकून बघायला लागले. "अरे हो! आधी मी कयाधूचाच प्रश्न दिला होता. पण आपल्या चारपैकी एका शाळेत तो धडा झाला नव्हता, म्हणून खर्ड्यात खोडून गोदावरी केली."

सटवाजीनं मांडीवर थाप मारली. "बराबर! म्हंजी फुटला तो कच्चा खर्डा, पक्का पेपर न्हाई. शेठ, आता मला सांगा. पक्का पेपर शालूबाईनंच टाइप केला, छापायची स्टेन्सिल बी तिनंच कापली. तिला फोडायचाच असता, तर हातात खरा असताना खोटा कशाला फोडील? येडी हाय का ती? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन राहिले तुमी!"

मेंबर एकमेकांकडे बघायला लागले. शेठनी पानाची पेटी मिटली. सटवाजीला आता रंग चढला होता. खर्ड्याच्या किती प्रती होत्या? दोन. कुठं आहेत? सरांनी कपाट उघडून दोन्ही काढून दिल्या, टाइप झाल्या त्या दिवसापासून त्यांच्याच कुलपात होत्या. "दोन प्रती, म्हंजी मधी एक कार्बन. बोलवा शालूबाईला."

ती आत आली, दाराशी उभी राहिली.

"खर्ड्याला कार्बन कसा लावला व्हता, बाई? जुना का नवा?"

"नवा, मामा. सर म्हणाले, प्रत ठळक पाहिजे."

"किती डाव वापरला?"

"एकदाच. गुपित कागदाचा कार्बन दुसऱ्या कामाला लावायचा न्हाई म्हणून लगेच काढला."

"शाबास! ऐका शेठ, ऐका. एकदाच वापरलेला नवा कार्बन! खिडकीत धरला की अख्खा पेपर वाचून घ्या. तोच फुटला. आता सांग बाई, तो कार्बन कुठं..."

आणि सटवाजी थांबला.

शालूबाईनं मान खाली घातली.  शेठ म्हणाले, "बोलो ना बाई. कार्बन कुठं टाकला?"

"टाकला न्हाई," ती हळूच म्हणाली. "नियमाप्रमाणं दिला."

"कुणाला दिला?"

तिनं एकदा सटवाजीकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघायला लागली. ज्या माणसानं तिच्यासाठी शब्द टाकला, त्याचं नाव घ्यायला तिची जीभ उचलेना. नोकरी जात होती, बाप गाव सोडायला निघाला होता, तरी उचलेना.

सटवाजीच्या अंगाला दरदरून घाम फुटला.  त्या एका घटकेत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं, ते त्यानं पुढं कधी लपवलं नाही. टोपलीत पडला असंल, झाडणारीनं नेला असंल, एवढं म्हटलं की तो सुटला असता. पोरगी तोंड उघडणार नव्हती. आणि खरं बोललं तर? गावातली तीस यंत्रं, वीस वर्षांचा विश्वास, प्रत्येक कचेरीत ऐकवलेली ती शहाणपणाची भाषणं! गोडेतेलवाला हेडक्लार्क सुद्धा हसेल.  पण व्हरांड्यात बाकडं मोकळं असताना उभी राहिलेली पोरगी त्यानं नुकतीच बघितली होती.

"मला दिला," तो म्हणाला. "शेठ, कार्बन मला दिला. मीच घरी नेला. सोमवारी."

"तुम?" शेठच्या तोंडातून एवढंच निघालं.

"मीच. हिचा काही दोष न्हाई. ही नियमानं वागली. नियमच माझा व्हता, अन् तोच फुटका निघाला. सर, चला माझ्या घरी. आत्ता चला, म्हंजी मधी मी काही लपवलं असं नको."

उत्तमराव सर त्याच्यासोबत निघाले. घर दहा मिनिटांवर. मिराबाई ओट्यावर बसली होती आणि तिच्याभोवती पाच पोरी, मांडीवर कापडं घेऊन भरतकाम शिकत होत्या. शाळा सुटली की त्या रोजच यायच्या, आज परीक्षा पुढं गेल्यामुळं सकाळीच आल्या होत्या. सटवाजीनं त्या शंभरदा बघितल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यानं शेजारी ठेवलेली त्यांची दप्तरं बघितली.

सरांना बघून पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यातली अनुसया, नववीतली, पांढरी पडली आणि कुणी विचारायच्या आधीच रडायला लागली. "सर, मी मुद्दाम न्हाई केलं. मावशीनं कमळ उतरवायला घरी कार्बन दिला. तो उन्हात धरला, तर त्याच्यात 'खालीलपैकी कोणतेही चार' दिसलं. मग... मग मी उतरवून घेतला. मैत्रिणींना दिला."

मिराबाई कावरीबावरी झाली. "काळ्या कागदात बी लिहिलेलं असतंय? मला कसं कळावं व्हो? तुमी तर म्हणले, रद्दी हाय." मग नवऱ्याचा चेहरा बघून तिला काय ते उमगलं. "आमच्या घरात वाचणारं कोण हाय म्हणून साऱ्या गावाला सांगत फिरता न्हवं? ह्या पाचीच्या पाची वाचतात. रोज मला बातम्यांचा पेपर वाचून दाखवतात. तुमी घरात असता कधी, तेव्हा तुमाला ठाऊक!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सटवाजीला हे कुणी म्हणायची गरज नव्हती, तो स्वतःच म्हणाला, सरांच्या देखत. पोरी शाळेत जायला लागल्या होत्या, गल्लीगल्लीत वाचणारे डोळे तयार झाले होते, आणि हा बाबा अजून निजामाच्या काळातलं घर डोक्यात घेऊन फिरत होता. उत्तमराव सरांनी अनुसयाला रागवायला तोंड उघडलं, पण तिचं अक्षर आठवून त्यांना रागवता येईना. पेपर दुसरा काढू, एवढंच ते म्हणाले. घरातले उरलेले सगळे कार्बन सटवाजीनं त्यांच्यासमोर चुलीत घातले.

शालूबाईची नोकरी राहिली. माफी मात्र तिची कुणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत तिला नवी खुर्ची दिली, यातच मेंबरांनी सगळं उरकलं. माफी मागितली ती एकट्या सटवाजीनं, तिच्या घरी जाऊन, तिच्या बापासमोर टोपी काढून. बाप लाजला, चहा घ्या म्हणाला, आणि सटवाजीनं तिथं बसून दोन पेले चहा घेतला. पुनमचंदशेठनी मात्र सांगून टाकलं की संस्थेच्या यंत्राला आता नांदेडचा मेकॅनिक बघेल. "बराबर हाय तुमचं," सटवाजी म्हणाला. आणि स्वतःच प्रत्येक कचेरीत जाऊन सांगून आला, कार्बन इथंच जाळा, मला देऊ नका, कुणालाच देऊ नका, माझ्या घरातून पेपर फुटला. काही जण हसले. गोडेतेलवाला तर पोट धरून हसला. सटवाजीही त्याच्यासोबत हसला, आणि मग त्याच्या यंत्राची खोळ फाटली म्हणून त्याला झापून आला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर संस्थेचं यंत्र अडलं. नांदेडच्या मेकॅनिकला तीन पत्रं गेली, तो काही उगवला नाही. तेव्हा शालूबाई शेठसमोर उभी राहिली. "यंत्र माझ्या ताब्यात हाय. सटवाजीमामाच उघडतील, माझ्यासमोर. चूक त्यांची व्हती, ती त्यांनी चार लोकांत सांगितली. ज्यांनी माझ्यावर आळ घेतला, त्यांनी अजून सांगितली न्हाई." शेठ बराच वेळ पानाला चुना लावत बसले, मग म्हणाले, बोलवा.

सटवाजी आला. तासाभरात यंत्र तबल्यासारखं वाजायला लागलं. पेचकस, ब्रश, तेलाची कुपी पिशवीत भरून तो निघाला, तर शालूबाई दारात आडवी.

"मामा, पिशवी दाखवा."

कचेरीतले कारकून लिहायचे थांबले. बापाच्या वयाचा माणूस, त्यातून आज तिनंच बोलावलेला.  तिचे कान लाल झाले होते, पण ती दारातून हलली नाही.

त्यानं पिशवी तिच्या टेबलावर उपडी केली. तिनं एकेक वस्तू उचलून बघितली, पुसायचं फडकं झटकून बघितलं, डबी उघडून बघितली. मग सगळं नीट भरून पिशवी त्याच्या हातात दिली आणि बाजूला झाली. "रागावू नका, मामा. आता येणाऱ्या परत्येकाची बघणार हाय."

सटवाजी घरी जाऊन ओट्यावर टेकला, तेव्हा मिराबाई कागदाला सुईनं भोकं पाडत बसली होती. डोळे पुसत हसणाऱ्या नवऱ्याकडे बघून ती घाबरली. "काय झालं व्हो?"

"आज माझी झडती झाली," तो म्हणाला. "साऱ्या कचेरीसमोर. अन् काय बराबर घेतली पोरीनं, एक डबी सोडली न्हाई!"